घोडं नेमकं कुठं पेंड खातं

५०० किलो वजनाचा घोडा दिवसाला नऊ-दहा किलो वाळलेलं गवत खातो, तीसेक लिटर पाणी पितो आणि वीस-बावीस किलो लीद-मूत मागे ठेवतो. रविवार असो, नाताळ असो, पावसामुळे सगळे तास रद्द झालेले असोत, या आकड्यांत फरक पडत नाही. सहा घोडे बाळगणाऱ्या लहानशा संस्थेला वर्षाकाठी जवळपास २० टन गवत लागतं आणि ४८ टनांच्या घरात घाण हलवावी लागते. आपल्याकडे लीद खत म्हणून कुणी ना कुणी उचलून नेतो. अमेरिकेत एखाद्या उपनगराच्या कडेला पागा असेल, तर लीद नेण्यासाठी बहुतेक वेळा पागेच्या मालकालाच पैसे मोजावे लागतात. घोडा खातो तेव्हाही खर्च आणि खाऊन झाल्यावरही खर्च.

या प्रकरणात आपण एका विशिष्ट प्रकारच्या संस्थेचा जमाखर्च उलगडून पाहणार आहोत. शारीरिक किंवा बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं, पक्षाघातातून सावरणारी माणसं, युद्धावरून परतलेले सैनिक यांच्यासाठी उपचारात्मक घोडेस्वारीचे वर्ग चालवणारी अमेरिकेतली छोटी धर्मादाय केंद्रं. त्यांची निवड करायला दोन कारणं आहेत. एक म्हणजे तिथल्या कायद्यानुसार अशा संस्थांची वार्षिक विवरणपत्रं कुणालाही मागून पाहता येतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. इतर संस्थांच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून इमारत असते, बस असते, संगणक असतात. इथे मालमत्ता श्वास घेते, आजारी पडते आणि म्हातारी होते. हिशेबशास्त्राला हे नीटसं पचत नाही, आणि या संस्थांचे बहुतेक पैशांचे पेच तिथेच सुरू होतात.

घोड्यावर का बसवायचं

डेन्मार्कच्या लिस हार्टेल या निष्णात घोडेस्वार होत्या. १९४४ मध्ये, गरोदर असताना, त्यांना पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे पडले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या प्रकारात स्त्रियांना पहिल्यांदाच पुरुषांच्या बरोबरीने उतरता आलं. घोड्यावर चढायला आणि उतरायला दुसऱ्याचा हात लागणाऱ्या हार्टेल यांनी ‘जुबिली’ नावाच्या घोडीवर बसून तिथे रौप्यपदक मिळवलं. चार वर्षांनी पुन्हा रौप्य. त्या वर्षीचं ऑलिंपिक मेलबर्नला होतं, पण ऑस्ट्रेलियाच्या प्राण्यांसाठीच्या विलगीकरण नियमांमुळे घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला घ्याव्या लागल्या होत्या.

या उदाहरणाने युरोप-अमेरिकेतल्या घोडेप्रेमींना आणि फिजिओथेरपिस्टना विचार करायला लावलं. घोडा चालतो तेव्हा स्वाराच्या कमरेला मिळणारी हालचाल माणसाच्या चालीशी बरीच जुळते. ज्या मुलाने स्वतःच्या पायांवर पाऊल टाकलेलं नाही, त्याच्या पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंना ही लय घोड्यावर बसून मिळते. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये ‘रायडिंग फॉर द डिसएबल्ड असोसिएशन’ आणि अमेरिकेत ‘नाऱ्हा’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी संघटना उभी राहिली. २०११ मध्ये तिने ‘पाथ इंटरनॅशनल’ हे नाव घेतलं. ती प्रशिक्षकांना प्रमाणपत्रं देते, केंद्रांसाठी मानकं ठरवते. पण सदस्यकेंद्रांचा चारा भरणं हे तिचं काम नाही. तो ज्याचा त्याने पाहायचा.

एका तासाचा भाव

समजण्यापुरते काही आकडे घेऊ. हे कुठल्या एका केंद्राचे नाहीत, हिशेबाची रीत कळावी म्हणून गोल केलेले आहेत. समजा, एका घोड्याला गवत, चंदी, तबेल्यात अंथरायचा भुसा, लसी, दातांची तपासणी आणि नालबंद मिळून वर्षाला ५,००० डॉलर लागतात. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी येतो. नाल ठोकायची नसली तरी खुरं तासावी लागतातच. हा घोडा वर्षाला ३०० तास घेतो. म्हणजे तासामागे घोड्याचे जवळपास १७ डॉलर. प्रशिक्षकाचा पगार, विमा, जागा, वीज आणि कचेरी यांचे तासामागे ४५ धरले, तर एक तास पडतो ६२ डॉलरला. पालकांकडून घेतले जातात ५०. अपंग मुलाच्या घरात आधीच थेरपिस्ट, उपकरणं, औषधं यांची बिलं चालू असतात, त्यामुळे याहून जास्त मागायला कार्यकारिणी धजावत नाही, आणि कित्येकांना तर शुल्कात सवलत द्यावी लागते.

आरोग्यविमा मदतीला येईल, असं वाटतं. तिथेही अडचण आहे. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट स्वतःच्या उपचाराचा भाग म्हणून घोडा वापरत असेल, तर काही वेळा बिल मंजूर होतं. पण हे उपचार अजून प्रायोगिक आहेत, असं सांगून अनेक विमा कंपन्या हात वर करतात. आणि प्रशिक्षकाने दिलेल्या घोडेस्वारीच्या तासाला तर विमा सहसा लागूच होत नाही.

तासामागे १२ डॉलरची तूट. एखादा धंदेवाईक माणूस म्हणेल, तास वाढवा. घोडा तर उभाच आहे, त्याचा खर्च जास्त तासांवर विभागला जाईल. म्हणणं चूक नाही. खरोखरच प्रत्येक वाढीव तासाने तूट थोडी कमी होते. पण वाढीला दोन भिंती आहेत. पहिली भिंत घोडाच. तोल नसलेला, अचानक ओरडणारा, एका बाजूला कलणारा स्वार पाठीवर घेऊन शांत राहणं हे घोड्याला थकवणारं काम आहे. जास्त जुंपला की तो आधी चिडचिडा होतो, मग लंगडा. दुसरी भिंत माणसांची. नवख्या स्वारासाठी एक जण घोड्याला धरून चालतो आणि दोघं दोन बाजूंनी स्वाराला सांभाळतात. एका मुलामागे तीन माणसं, प्रशिक्षक वेगळा. मंगळवारी दुपारी तीन वाजता फुकट काम करायला तीन धडधाकट माणसं मिळाली, तर तास होतो, नाहीतर नाही.

आता पाऊस पडला असं धरा. तास रद्द झाला, ५० डॉलर बुडाले. खर्च किती वाचला? जवळजवळ काहीच नाही. घोड्याने गवत खाल्लंच. खर्च घोड्याचा असतो आणि उत्पन्न तासाचं. या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या नाहीत, हे ज्या खजिनदाराला पहिल्याच वर्षी कळतं, त्याची पुढची वर्षं बरी जातात.

पैसा येण्याचा आणि जाण्याचा मोसमही जुळत नाही. गवत उन्हाळ्यात कापलं जातं, आणि तेव्हा शेतावरून ट्रकभर उचललं तर स्वस्त पडतं. अमेरिकन माणूस देणगी देतो ती मात्र मोठ्या प्रमाणात वर्षाच्या अखेरीस. संस्थेचा निधीसंकलनाचा भोजनसमारंभही बहुधा शरद ऋतूत असतो. ज्या संस्थेकडे जूनमध्ये रोकड नाही, ती पुढे फेब्रुवारीत तेच गवत चढ्या भावाने पेंडीपेंडीने घेत राहते. गरीब संस्थेला चारा महाग पडतो तो असा.

धर्माचा घोडा

‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ असं आपण म्हणतो. फुकट मिळालेल्या वस्तूत खोड काढू नये, हे त्यातलं शहाणपण. घोड्याच्या बाबतीत हे शहाणपण संस्थेला बुडवू शकतं. घोड्याचं वय दातांवरून कळतं, आणि वय हाच या व्यवहारातला सगळ्यात मोठा आकडा.

या केंद्रांतले बरेचसे घोडे देणगी म्हणून आलेले असतात. मुलगी कॉलेजला गेली, घोडा घरी उभा आहे. स्पर्धेच्या उड्या आता त्याला झेपत नाहीत, पण स्वभाव गरीब आहे. मालकाला तो विकवत नाही, ठेवणंही परवडत नाही. अशा वेळी तो संस्थेला दिला, की मन निर्धास्त होतं आणि करातही थोडी सूट मिळते. संस्थेच्या बातमीपत्रात फोटो छापून येतो. पुस्तकात देणगीची रक्कम जमा होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून नऊ किलो गवत सुरू.

अमेरिकेच्या करखात्याने या व्यवहाराला काही कुंपणं घातली आहेत. वस्तुरूप देणगीबद्दल ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट मागायची, तर देणगीदाराने फॉर्म ८२८३ भरायचा. वजावट ५,००० डॉलरच्या वर जात असेल, तर बहुतेक वेळा पात्र मूल्यमापकाकडून घोड्याची किंमत ठरवून घ्यायची. त्या फॉर्मवर संस्थेची सही लागते, पण ती फक्त पोच असते. घोडा तेवढ्या किमतीचा आहे, असं त्या सहीने संस्था म्हणत नाही. आणि असा घोडा संस्थेने तीन वर्षांच्या आत विकला किंवा दुसऱ्याला देऊन टाकला, तर फॉर्म ८२८२ भरून तसं करखात्याला कळवावं लागतं. म्हणजे देणगीदाराने भरघोस वजावट घेतली आणि घोडा सहा महिन्यांत लंगडला, तर तो पुढे पाठवतानाही कागद आहेतच.

शहाणी केंद्रं म्हणून घोडा लगेच नावावर करून घेत नाहीत. आधी महिना-दोन महिने चाचणीवर ठेवतात. चाकाची खुर्ची शेजारून गेली, चेंडू पाठीवर आदळला, दोन्ही बाजूंना माणसं चिकटून चालू लागली, तर तो काय करतो हे पाहतात. पशुवैद्य पाय आणि डोळे तपासतो. काही केंद्रं घोडा ‘फ्री लीज’वर घेतात. मालकी मूळ मालकाची, चारा संस्थेचा, आणि काम थांबलं की घोडा परत मालकाकडे. बातमीपत्रात मिरवण्यासारखं अशा करारात फारसं काही नसतं, पण खजिनदाराला रात्री झोप लागते.

पैसे आहेत, पण हात बांधलेले

एका काल्पनिक पण अगदी नेहमीच्या ताळेबंदाकडे जवळून पाहू. बँकेत १ लाख ४० हजार डॉलर. कार्यकारिणीची बैठक बसते, सगळ्यांचे चेहरे खुललेले. मग हिशेबनीस पुढचं पान उलटतो. त्यातले १ लाख १५ हजार एका कुटुंबाने छत असलेल्या मैदानासाठी दिले आहेत, म्हणजे हिवाळ्यातही तास चालावेत. ९ हजार एका प्रतिष्ठानाने सैनिकांच्या वर्गासाठी दिलेले. ६ हजार एका विशिष्ट घोड्याच्या नावाने आलेले. गवत, पगार आणि वीजबिल यांच्यासाठी उरले १० हजार. महिन्याचा चालू खर्च ८ हजार. लखपती दिसणारी ही संस्था पाच आठवड्यांच्या अंतरावर आहे, पैसे संपण्यापासून.

अमेरिकेच्या हिशेबमानकांनी २०१६ मध्ये ही गोष्ट सोपी करायचा प्रयत्न केला. पूर्वी निव्वळ मालमत्तेचे तीन वर्ग दाखवावे लागत. आता दोनच: देणगीदाराची अट असलेली आणि अट नसलेली. कार्यकारिणीने स्वतःच ‘हा पैसा म्हाताऱ्या घोड्यांसाठी’ असं ठरवून बाजूला ठेवला, तर तो अट नसलेल्या वर्गातच राहतो, कारण ज्यांनी ठरवलं ते उद्या ठराव करून बदलूही शकतात. देणगीदाराने घातलेली अट मात्र कार्यकारिणीला मोडता येत नाही. छताच्या पैशातून गवत आणलं, तर ती काटकसर ठरत नाही, विश्वासभंग ठरतो.

‘घोडा दत्तक घ्या’ या योजनेतही हाच फास लपलेला असतो. फोटो, नाव, वाढदिवस लावून दर घोड्यामागे मासिक देणगीदार शोधायचे. लहान संस्थांसाठी ही योजना फार चालते, कारण माणसाला २० टन गवतापेक्षा एक ओळखीचा चेहरा लवकर भावतो. पण पांढरंशुभ्र तट्टू दहा जण दत्तक घेतात आणि तपकिरी, लांब तोंडाच्या, सगळ्यात जास्त तास घेणाऱ्या घोड्याला कुणीच घेत नाही. पावतीवर ‘आणि गरजेनुसार संस्थेतल्या इतर घोड्यांसाठी’ एवढी एक ओळ आधीच छापलेली असेल, तर पुढचा पेच टळतो.

हिशेबात न दिसणारी श्रीमंती

समजा, चाळीस स्वयंसेवक आठवड्याला तीन तास येतात आणि वर्षातले चाळीस आठवडे वर्ग चालतात. ४,८०० तास झाले. ‘इंडिपेंडंट सेक्टर’ ही अमेरिकन संस्था स्वयंसेवेच्या एका तासाचं अंदाजे मोल दरवर्षी जाहीर करते. २०२३ साठी ते ३३.४९ डॉलर होतं. या दराने आपल्या केंद्राला वर्षाला १ लाख ६० हजार डॉलरचं श्रमदान मिळतं. विवरणपत्रात त्याचा आकडा शून्य. पशुवैद्याने किंवा वकिलाने फुकट दिलेली खास कौशल्याची सेवा वित्तीय पत्रकांत दाखवता येते, कारण एरवी ती विकतच घ्यावी लागली असती. घोड्याला धरून चालणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचा तास मात्र त्यात धरला जात नाही. करखात्याच्या विवरणपत्रात तर दोघांच्याही सेवेला उत्पन्न म्हणून जागा नाही.

ही श्रीमंती किती खरी आणि किती नाजूक आहे, ते २०२० मध्ये कळलं. मार्चमध्ये टाळेबंदी आली, तास थांबले, शुल्क थांबलं, भोजनसमारंभ रद्द झाले, स्वयंसेवक घरी बसले. घोडे खात राहिले. छोट्या आस्थापनांसाठी सरकारने जी मोठी कर्जयोजना आणली, तिच्यात रक्कम ठरत होती ती सरासरी मासिक पगारखर्चाच्या अडीच पट. अटी पाळल्या, तर ते कर्ज माफही होत असे. पण जिथे पगारच जेमतेम एका-दोघांचे, तिथे अडीच पट म्हणजे तरी किती होणार? श्रमदानावर काटकसरीने चाललेल्या संस्थांना त्यांच्या काटकसरीमुळेच कमी मदत मिळाली.

सरकारदरबारी

कागदपत्रांचा भाग थोडक्यात आटोपू, पण टाळून चालणार नाही. अशी संस्था आयकर संहितेच्या कलम ५०१(सी)(३) खाली करमुक्त असते. २०१४ पासून लहान संस्थांना त्यासाठी छोटा अर्ज करता येतो. दरसाल साधारण ५० हजार डॉलरपर्यंत उलाढाल असेल, तर वार्षिक विवरणपत्र म्हणून ९९०-एन हे इवलंसं ई-पोस्टकार्ड भरून भागतं. २ लाखांपेक्षा कमी जमा आणि ५ लाखांपेक्षा कमी मालमत्ता असेल, तर ९९०-ईझेड. त्यावर पूर्ण फॉर्म ९९०. अमेरिकेत एखाद्या महाराष्ट्र मंडळाचं खजिनदारपद सांभाळलेल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. तिथली अनेक मंडळं याच कलमाखाली नोंदलेली आहेत, आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब याच फॉर्मात बसवावा लागतो.

२००६ च्या एका कायद्याने सांगितलं, की सलग तीन वर्षं विवरणपत्र भरलं नाही, तर करमुक्ती आपोआप रद्द. जून २०११ मध्ये पहिली यादी लागली, तेव्हा सुमारे २ लाख ७५ हजार संस्थांची नावं तिच्यात होती. त्यातल्या कित्येक कधीच बंद पडलेल्या असतील. पण चालू संस्थेचंही असं होऊ शकतं. खजिनदार गाव सोडून जातो, पासवर्ड त्याच्याकडेच राहतो, नव्याला वाटतं की जुन्याने भरलं असेल. देणगीदाराला वजावट मिळेनाशी झाली की मग शोधाशोध सुरू होते.

आणखी एक खाचखळगा. तूट भरून काढायला संस्था रिकामं ठाण भाड्याने देते, म्हणजे बाहेरच्या मालकांचे घोडे पैसे घेऊन सांभाळते. अपंग मुलांच्या घोडेस्वारीशी या कामाचा संबंध नाही, असं ठरलं तर ते उत्पन्न करपात्र होतं. असं एकूण उत्पन्न वर्षाला हजार डॉलरवर गेलं, तर फॉर्म ९९०-टी भरावा लागतो. पण काम मुख्यतः बिनपगारी स्वयंसेवक करत असतील, किंवा विकलेल्या वस्तू देणगीतून आलेल्या असतील, तर सूट आहे. म्हणूनच दान आलेली जुनी खोगिरं, लगाम आणि रिकिबी विकण्याचा वार्षिक ‘टॅक सेल’ खजिनदारांना फार प्रिय असतो. कर नाही, खर्च नाही, आणि कोठीही रिकामी होते.

लहान संस्थेत चोरीची भीती बाहेरच्यापेक्षा आतून जास्त असते, आणि ती अविश्वासामुळे नव्हे, अतिविश्वासामुळे ओढवते. चेक लिहिणारा, सही करणारा आणि बँकेचं पत्रक तपासणारा एकच माणूस असेल, तर तो कितीही सज्जन असला तरी व्यवस्था वाईट आहे. पत्रक आधी दुसऱ्या कुणी तरी उघडायचं, एवढ्या एका नियमाने बरंच काही राखलं जातं. त्याला खर्चही येत नाही.

किंमत शून्य, चारा पूर्ण

आता मूळ दुखण्याकडे येऊ. अमेरिकेचा करकायदा घसाऱ्यासाठी वस्तूंचे वर्ग पाडतो. वापरात आणताना बारा वर्षांहून मोठा असलेला घोडा तीन वर्षांच्या वर्गात बसतो. करमुक्त संस्थेला हा नियम पाळायचं कारण नाही, ती घोड्याचं उपयुक्त आयुष्य स्वतः ठरवून घसारा काढते. पण दृष्टी तीच. काही वर्षांत पुस्तकातली किंमत शून्य होते. बस शून्य झाली, की भंगारात जाते. घोडा शून्य झाल्यावरही दहा-बारा वर्षं जगू शकतो, कारण नीट सांभाळलेला घोडा २५-३० वर्षांचा होतो.

पुन्हा आपला ५,००० डॉलरचा घोडा घ्या. तो सतराव्या वर्षी आला, तेविसाव्या वर्षापर्यंत काम केलं, अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. सहा वर्षं काम, अकरा वर्षं चारा. एकूण ५५,००० डॉलर. कामाच्या सहा वर्षांवर ते विभागले, तर वर्षाला जवळपास ९,२००. तासामागे घोड्याचा खर्च १७ ऐवजी ३०-३१ डॉलर. म्हणजे तासाची खरी तूट १२ नव्हती, २५-२६ होती. यात पोटशूळाची शस्त्रक्रिया धरलेलीच नाही. ती करायची ठरली, तर एका रात्रीत हजारो डॉलर जातात, आणि करायची की नाही हा निर्णय मध्यरात्री, पशुवैद्य समोर उभा असताना घ्यावा लागतो. किती खर्चापर्यंत जायचं, हे कार्यकारिणीने आधी शांत डोक्याने लिहून ठेवलं नसेल, तर तो भार तबेल्यात उभ्या असलेल्या एका प्रशिक्षकावर पडतो.

काम संपलेल्या घोड्यासाठी पुढचं दार कुठे उघडतं, हाही पैशाचाच प्रश्न आहे. २००७ मध्ये टेक्सास आणि इलिनॉयमधले उरलेसुरले घोड्यांचे कत्तलखाने बंद झाले. पाठोपाठ आर्थिक मंदी आली. ठेवणं परवडत नाही म्हणून सोडून दिलेल्या घोड्यांचा प्रश्न इतका वाढला, की २०११ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने त्यावर अहवाल दिला. लिलावात विकलेला घोडा सीमेपलीकडे कत्तलीला जाऊ शकतो, हे माहीत असल्याने उपचार केंद्रं आपले घोडे लिलावात पाठवायला तयार नसतात. औषधाने शांतपणे मरण द्यायचं, तर पशुवैद्याचे पैसे आहेतच. शिवाय त्या औषधाने शव विषारी होतं, ते खाल्लेली गिधाडं-गरुड मरू शकतात, म्हणून खोल पुरणं किंवा नियमाप्रमाणे विल्हेवाट लावणं आलं. तोही खर्च.

यावर उपाय एकच: घोडा येतो त्याच दिवशी त्याच्या म्हातारपणाची वर्गणी सुरू करायची. तासामागे ठरावीक डॉलर बाजूला काढून उतारवयाचा निधी उभा करायचा. इथे अमेरिकन संस्थेला एक सोय आहे. सर्वसाधारण धर्मादाय संस्थेने वर्षाच्या आत अमुक इतकं खर्चलंच पाहिजे, अशी सक्ती तिथे नाही. आपल्याकडच्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला करमाफी टिकवायची, तर वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग उद्दिष्टासाठी वापरावा लागतो. उरलेल्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त साठवायचं, तर कारण लिहून देऊन जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी ठेवता येतं. दहा-बारा वर्षांनी म्हातारा होणाऱ्या घोड्यासाठी ही मुदत आखूड पडते. महाराष्ट्रात कुणी असं केंद्र काढणार असेल, तर सनदी लेखापालाशी पहिलं बोलणं याच मुद्द्यावर व्हायला हवं.

विवरणपत्र हातात आल्यावर

देणगी देण्याआधी कुणाला फॉर्म ९९० चाळायचा असेल, तर प्रशासकीय खर्चाची टक्केवारी पाहून थांबू नये. जून २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या, धर्मादाय संस्थांची पारख करणाऱ्या, तीन संघटनांनीच खुलं पत्र लिहून सांगितलं, की एवढ्या एका आकड्यावरून संस्था जोखू नका. घोड्यांच्या संस्थेत तर हा आकडा फसवा असतो. सगळा चारा ‘कार्यक्रम’ या रकान्यात जातो, त्यामुळे टक्केवारी नेहमीच छान दिसते. विमा उतरवायला आणि पुस्तकं नीट ठेवायला माणूस न नेमणारी संस्था तर आणखीच छान दिसते.

त्याऐवजी चार गोष्टी पाहाव्यात. शुल्काचं उत्पन्न आणि देणग्या यांचं प्रमाण काय आहे? देणग्यांतला मोठा वाटा एकाच घरातून येतो का? अट नसलेली शिल्लक महिन्याच्या खर्चाच्या किती पट आहे? आणि गेल्या तीन-चार वर्षांची पत्रकं शेजारी ठेवली, तर पशुवैद्यकीय खर्च स्थिर आहे, की एखाद्या वर्षी अचानक उडी मारतो? उडी दिसली म्हणून घाबरू नये. घोडे पाळणाऱ्या संस्थेत ती येतेच. उडीनंतरच्या वर्षी शिल्लक पुन्हा भरली गेली का, एवढं पाहावं.

पाचवा प्रश्न कुठल्याच फॉर्मात नाही, तो फोन करून विचारावा लागतो. तुमचे निवृत्त घोडे आता कुठे आहेत? कुणी गडबडून विषय बदलला, तर समजून घ्यावं. कुणी सांगितलं, की दोन मूळ मालकांकडे परत गेले आणि एक आमच्याच मागच्या कुरणात आहे, तर विचारावं, की त्या तिसऱ्याचा चारा कुठल्या पैशातून येतो. यालाही सरळ उत्तर आलं, निधीचं नाव आणि रक्कम सांगितली गेली, तर चेक लिहावा. आणि त्याच्यावर कुठली अट घालू नये.